तीन निळे चेंडू

फुप्फुसांच्या व्यायामासाठी आमच्या वॉर्डात खेळण्यासारखं एक यंत्र असतं. नळीतून श्वास आत ओढला की त्यातले तीन निळे चेंडू वर चढतात. परवा नर्सिंगच्या पदवीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला ते एका आजोबांना शिकवायचं होतं. डिप्लोमावर नोकरी मिळाली, पण पदवीशिवाय बढती नाही.

"आजोबा, कृपया दीर्घ श्वास आत घ्यावा," मी म्हणाले. मी इंग्रजी शाळेतली. घाबरले की माझं मराठी सूचनाफलकासारखं होतं.

आजोबांनी नळीत फुंकर मारली. पुन्हा सांगितलं, तर आणखी जोरात फुंकले. चेंडू ढिम्म. परीक्षक घड्याळ बघू लागले. श्वास घ्यायला कुणाला शिकवावं लागत नाही, पण चारजण बघत असले की तेही जमेनासं होतं. बोलण्याच्या बाबतीत मला हे चांगलं ठाऊक आहे.

शेवटी शेजारच्या स्टुलावरून आजी म्हणाल्या, "अहो, बशीतला चहा कसा ओढता, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा? तसं ओढा."

आजोबांनी भुरका मारला. तिन्ही चेंडू वर.

परीक्षकांनी माझ्या कागदावर लिहिलं, "रुग्णाशी संवाद उत्तम." मी काही बोलले नाही. गप्प राहणं मला पहिल्यापासून जमतं.