धुक्यात गेलेली होडी

परवा मक्याच्या दाण्यांचा डबा उघडला आणि त्या गोडसर वासाने मी बारा वर्षं मागे, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनजवळच्या एका तळ्याकाठी जाऊन पोचले.

आई गेल्यावर बाबा नाशिकहून माझ्याकडे राहायला आले होते. दिवसदिवस बोलत नसत. शेजारच्या ग्लेनने आपली छोटी होडी दिली, गळाला मक्याचे दाणे लावायला शिकवलं, तेव्हा कुठे ते घराबाहेर पडू लागले. त्या सकाळी ते होडीत होते आणि मी काठावर गळ टाकून बसले होते. बघता बघता धुकं उतरलं आणि होडी दिसेनाशी झाली.

"बाबा!" मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मागे वळून पाहते तर त्यांचं लाइफ जॅकेट गवतावरच राहिलेलं. त्यांना पोहता येत नव्हतं. हातातली काठी फेकून मी गुडघाभर गार पाण्यात शिरले. पाय चिखलात रुतत होते आणि मी घसा फाटेपर्यंत हाका मारत होते.

किती वेळाने कोण जाणे, वल्ह्यांचा आवाज आला आणि धुक्यातून होडी पुढे आली. बाबा निवांत वल्ही मारत होते.

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं गं," ते म्हणाले. "ऐकत बसलो होतो."

मी इतकी चिडले की गाडीतून घरी पोचेपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

आता माझी मुलगी नोकरीसाठी ख्राइस्टचर्चला गेली आहे. आठवडाभर घरात मला कुणी हाक मारत नाही. आपल्यासाठी कुणी इतक्या जिवाने हाका मारतंय, हे बाबा का ऐकत बसले होते, ते आता कळतं. बाबाही राहिले नाहीत. त्या दिवशी गाडीत मी काहीतरी बोलायला हवं होतं.