छत्रीच्या कापडाची चड्डी

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, यांनी जन्मभर छत्र्या दुरुस्त केल्या. आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरी सून म्हणून जाऊ नये, हे मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे. अशा घरात काही म्हणजे काहीच फेकता येत नाही. केराच्या डब्यात काही टाकलं की आप्पा ते बाहेर काढणार, उलटसुलट बघणार आणि म्हणणार, "याला काय झालंय?"

लग्न होऊन आले तेव्हा मी हौसेने कागदी रुमालांचं पाकीट आणलं होतं. आप्पांनी त्यातला एक उचलून उजेडात धरला. "एकदा तोंड पुसायचं आणि टाकायचं? का, तोंड काय एकदाच पुसायचं असतं?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कापडी चौकोनांची गड्डी हजर, चारी बाजूंनी दुमडून शिवलेली. नवऱ्याने तोंड पुसलं आणि हातातल्या चौकोनाकडे बघत राहिला. त्यावर खिसा होता.

"आप्पा, हा माझा शर्ट आहे!"

"होता," आप्पा म्हणाले आणि भात वाढून घेतला.

पुढे पुढे लोक छत्री मोडली की सरळ नवी घ्यायला लागले. दुरुस्तीला कोण येतंय? आप्पांनी दुकान बंद केलं आणि घरी बसले. बसले हे आपलं म्हणायला. शिलाईचं मशीन खिडकीशी आलं आणि जुन्या छत्र्यांच्या कापडाची गाठोडी माझ्या पलंगाखाली. मग भाजीच्या पिशव्या छत्रीच्या, अंघोळीची टोपी छत्रीची, फ्रिजमधल्या वाट्यांवर इलॅस्टिक लावलेली झाकणं, तीही छत्रीची. दूध काढायला गेलं की काळ्या टोप्या घातलेली रांगच्या रांग माझ्याकडे बघायची. मी कपाळाला हात लावायचे आणि दूध काढून घ्यायचे.

मग आमची मुलगी झाली. पाळण्यातलं नाव छान ठेवलंय, पण अंगाने अशी गुबगुबीत की पहिल्या आठवड्यापासून सगळे ढब्बूच म्हणतात. ढब्बूबरोबर घरात वापरून फेकायचे डायपर आले आणि आप्पांचा जीव कासावीस झाला. केराचा डबा संध्याकाळपर्यंत भरून वर यायचा आणि आप्पा त्याच्याकडे घरात चोर शिरल्यासारखे बघत राहायचे. तोंडाने हूं की चूं नाही. बाळंतिणीशी वाद घालायचा नाही एवढी अक्कल त्यांना होती, आणि माझं तोंड त्यांना माहीत होतं.

पण ढब्बूच्या अंगावर लाल चट्टे उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला ते डायपर सोसत नाहीत. कापड वापरा."

झालं! इथे माझं धाबं दणाणलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. नंबर बघून काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, मला ते काम मनापासून आवडतं. मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की एक तारखेला आलीस तर जागा तुझी, नाहीतर दुसरी मुलगी बघते. सासूबाई नाहीत. आप्पांची पाठ धरलेली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी घातलेली, आणि ढब्बू म्हणजे नुसतं वजन. मांडीवर आणून दिली तर आप्पा दिवसभर खेळवतील, पण पाळण्यातून उचलणार कोण? म्हणजे पाळणाघराला पर्याय नव्हता. आणि आसपास एकच पाळणाघर, तिथल्या ताईंचा एकच नियम: फेकायचे डायपर घालूनच आणा. "कापड चालणार नाही. एक गळकं मूल आलं की माझ्या सगळ्या गाद्या वाळत घालाव्या लागतात."

मी घरी येऊन भांडी आपटली. जोरात आपटली, कारण सगळी स्टीलची होती. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"गळायचं नाही, एवढंच ना?" ते म्हणाले. "अगं, जन्मभर मी दुसरं काय केलं?"

त्या दिवसापासून मशीन थांबेना. आतून जुन्या धोतराच्या मऊ घड्या, बाहेरून छत्रीचं कापड. पहिली चड्डी तयार झाली तेव्हा आम्ही सगळे बघायला जमलो. आठ तिकोनी तुकडे मधोमध जोडलेले, कडेला बारीक शिवण, कमरेला छत्री मिटल्यावर बांधतात तसला पट्टा. ढब्बूला घातली. नवरा ऑफिसला निघाला होता, इस्त्रीची पँट घालून. त्याने तिला कौतुकाने मांडीवर घेतलं.

"बटण दाबल्यावर उघडत नाही ना?" असं विचारतोय तोवर त्याचा चेहरा बदलला. बरोबर मधोमध, नळ सोडल्यासारखी धार!

आप्पांनी चड्डी काढून हातात धरली आणि उजेडाकडे नेली. मधोमध सुबक गोल भोक होतं. कडेने छान काठ शिवलेला.

"आप्पा, हे काय?"

"दांड्याचं," आप्पा हळूच म्हणाले. "छत्रीचं कापड म्हटलं की मध्ये दांड्याला भोक ठेवायचंच. हाताने आपोआप ठेवलं."

मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. नवरा पँट बदलायला गेला तो दार आपटूनच.

पुढची बिनभोकाची होती. पण तीही मांडीच्या कडेने पाझरली. मग इलॅस्टिक बदललं, घड्या वाढवल्या, पट्टा वर घेतला. तपासायची पद्धतही दुकानातलीच: चड्डी मोरीत झोळीसारखी टांगायची, तांब्याने पाणी भरायचं आणि खालून बोटाने टिचक्या मारत बसायचं. मी अंघोळीला गेले की समोर पाण्याने टम्म फुगलेल्या काळ्या चड्ड्या लोंबताहेत. "अहो आप्पा, मी अंघोळ कुठे करू?" म्हणून मी ओरडायचे. बाहेरून आवाज यायचा, "डावीकडच्या तिसरीला धक्का लावू नकोस, ती परीक्षेला बसलीय."

काळं कापड संपल्यावर जाहिरातीच्या छत्र्या निघाल्या. कुठल्याशा विमा कंपनीने वाटलेल्या होत्या त्या, पिवळ्याधमक. आप्पांनी कापताना अक्षरं नीट जुळवली. ढब्बू पालथी पडली की ठळक वाचता यायचं: 'सदैव तुमच्या पाठीशी'. आणि नेमकी हीच चड्डी सगळ्यांत पक्की निघाली, रात्रभर थेंब नाही.

एक तारीख डोक्यावर आली तशी मी ढब्बूला कडेवर घेऊन पुन्हा पाळणाघर गाठलं. आप्पाही मागोमाग, हातात चड्ड्यांची पिशवी. ताई दारातच उभ्या होत्या, बाजूला वापरलेल्या डायपरची पोती रचलेली. कचरागाडीवाल्याने ती उचलायला साफ नकार दिला होता, त्यामुळे बाई आधीच तापलेल्या. पण पोत्यांचा वास माझ्या मदतीला आला. त्या म्हणाल्या, "एक सकाळ ठेवून बघते. दूध पाजून झोपवायची. माझ्या गादीवर थेंब पडला तर विषय संपला. नाही पडला तर जागा तुमची."

आम्हाला बसायला मुलांच्या खुर्च्या दिल्या. मी निळीवर, आप्पा लाल बदकाच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी. ढब्बूने अख्खी बाटली रिकामी केली. आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "एवढं कशाला प्यायचं ते?"

मी म्हटलं, "आप्पा, गप्प बसा हो."

थोड्या थोड्या वेळाने ताई यायच्या, गादीवर हात फिरवायच्या आणि परत जायच्या. काच घासताना हात थरथरून चालत नाही म्हणून मी माझ्या हातांचा मोठा तोरा मिरवते. त्या सकाळी ते हात मांडीखाली दाबून बसले होते.

मग ताईंचा हात गादीवर थांबला.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या.

मालकीणबाई बघणार होत्या ती दुसरी मुलगी माझ्या खुर्चीवर बसलेलीसुद्धा दिसली मला. आप्पा मात्र लाल खुर्चीसकट उठले. खुर्ची त्यांना घट्ट बसली होती. तसेच, मागे बदक घेऊन, वाकत वाकत गादीपाशी गेले, ओल्यावर बोट टेकवलं आणि त्या ओलीच्या कडेने बोट सरकवत गेले, जसं छत्री कुठून गळते ते शोधतात. बोट ढब्बूपाशी गेलंच नाही. ते शेजारच्या पोरापाशी जाऊन थांबलं. ते पोर महागड्या डायपरात, पोटावर हसऱ्या अस्वलाचं चित्र, आणि खाली तळं.

"हे आमचं नाही," आप्पा म्हणाले. "हे अस्वलाचं आहे."

ताईंनी ढब्बूला उचललं. चड्डी आतून ओथंबलेली, हाताला चांगली जड लागत होती. बाहेरून कोरडी ठणठणीत. त्यांनी मागची अक्षरं वाचली आणि इतका वेळ आवळून धरलेलं हसू एकदाचं सुटलं. मग त्यांनी आणि मी मिळून आप्पांना खुर्चीतून सोडवलं. "सोमवारपासून आणा हिला," ताई म्हणाल्या. "आणि आजोबा, या पोत्यांचं काही करता आलं तर बघा. बाकीच्यांनाही शिवून द्या."

माझा जीव भांड्यात पडला. रस्त्याने मी जवळजवळ नाचत आले. नवऱ्याला फोन, मालकीणबाईंना फोन, बहिणीला फोन. माझी जागा राहिली होती!

संध्याकाळी ढब्बूला झोपवून मी बाहेर आले तर आप्पा खिडकीशी बसून धुतलेल्या चड्ड्यांच्या घड्या घालत होते. पिवळ्या एकीकडे, काळ्या एकीकडे. मशीनवर त्यांनी झाकण घातलं होतं.

"किती वाजता न्यायचं तिला?"

"नऊला."

"आणि आणायचं?"

"मी सुटले की. साडेपाच होतील."

"हं." एक चड्डी त्यांनी पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. "रोजच?"

"रविवार सोडून. आप्पा, असं काय विचारताय? तुमच्यामुळेच तर जमलं सगळं. एक थेंब गळला नाही."

"तेच की," आप्पा म्हणाले. ते हसायला गेले, पण ते हसू काही नीट बसलं नाही. "एखादी शिवण ढिली ठेवायची होती मी. आयुष्यात एकदा चांगलं काम करायला नको होतं बघ."

मला भयंकर वाईट वाटलं आणि त्यांच्यावर थोडा रागही आला, आधी नाही का सांगायचं?

मी आत गेले. अर्धा तास पाठ थोपटून जिला झोपवली होती ती कार्टी मी पाळण्यातून उचलली आणि आप्पांच्या मांडीवर आणून ठेवली. जागी होऊन तिने असं भोकाड पसरलं की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

"अगं, झोपली होती ना ती?" आप्पा म्हणाले.

"राहू दे, सोमवार अजून लांब आहे," मी म्हटलं. "आज शुक्रवार आहे."