दांडीवरचं तोरन

सापापेक्षा मी बॉयलरला जास्त भ्यायचो, आन साखर कारखान्यात कामाला लागलो ते नेमका बॉयलरवरच. शाळेचं तोंड बघितलं न्हाई, म्हनून वाफेचा दाब दावनाऱ्या घड्याळातले आकडे कळंनात. तांबडी रेघ तेवढी कळायची. काटा तिच्याम्होरं गेला की बॉयलर फुटतो, एवढं डोस्क्यात पक्कं.

फुटू नये म्हनून वरती झडप हुती. तिच्यावर लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला वजन. वाफ जादा झाली की दांडी उचलून भाईर पडनार. दसरा झाला की, गाळपाच्या आदी, ती झडप येगळी तपासायची. म्हंजी मुद्दाम काटा रेघेपातुर न्यायचा. घोडेगावच्या बाजारात बैल मारका हाय का ते डिवचूनच बघत्यात, तसं. पन तितं पळाया जागा आसती.

बॉयलरचा मिस्तरी म्हनला, "वर जा. झडप न्हाई उठली तर दांडी हातानं उचल."

"न्हाई उठली तर मी तितं आसंन का, मिस्तरी?"

"आसशील की. थोडा थोडा सगळीकडं."

सगळे गडी हसले. मीबी हसलो आन शिडी चढलो.

खालून मिस्तरी सांगत हुता. "रेघेवर आला." झडप गप. "रेघ वलांडली." झडप गपच. "उचल दांडी."

हात उठंना. तवा दिसलं, दांडीच्या टोकाला दसऱ्याच्या पूजेचं तोरन, चांगल्या पानीदार नारळांचं. शोभेसाठी आमीच समद्यांनी बांधलेलं. तेवढं वजन वाढलं, झडप कशी उठंल? आन तोरन दिवाळीपातुर काढायचं न्हाई ही आमची रीत. खाली वाफ, वर देव. कुनाला जास्त भ्यावं कळंना. डोळं मिटून तोरन वढलं. झडप आशी किंचाळली की मी नारळांसकट खाली बसलो. धोतर वलं झालं. नारळ फुटला म्हनून सांगितलं, पन नारळ समदे धड हुते.

मिस्तरी वर आला. तोरन बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. हसला न्हाई.

"तू मोकळी केली म्हनून उठली. ही तपासनी न्हाई. रेघेला काटा आला की आपली आपन उठाया पायजे. परत."

वाफ उतरवली, परत चढवली. मिस्तरी खाली, मी परत वर. काटा रेघेला टेकला आन दांडी आपसूक उचलली. मला बघाया मिस्तरीनं वर मान केली. मी कवाच उतरून त्याच्या पाठीमागं हुतो, त्याचा सदरा धरून.