टी, एच, आर, यू

"ताई, बोर्ड उतरवायला माणसं पाठवा." वैशालीचा हा फोन आला तेव्हा मी तिच्याच दुकानाच्या उद्घाटनाला निघाले होते, चांगली साडी नेसून.

मी श्रीगोंद्यात बोर्ड बनवते. वडील ब्रशने रंगवायचे, मी एलईडीची अक्षरं बसवते. वैशालीने कारखान्याच्या रस्त्याला, सासऱ्यांच्या जागेत, वडापाव-चहाचं दुकान काढलं होतं. तेही साधं नाही, ड्राइव्ह थ्रू. थ्रू म्हणजे मधून, आरपार. गाडी एका बाजूने आत घ्यायची, न उतरता खिडकीतून खाणं घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने निघायचं. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. रिव्हर्स घ्यायचा म्हटलं की ड्रायव्हरच्या कपाळावर आठ्या. त्याने खायला थांबायचं कुठे? हे वैशालीला सुचलं होतं, आणि मला ते जाम आवडलं होतं.

बोर्डवर थ्रूचं स्पेलिंग मी टी, एच, आर, यू असं केलं. तिच्या दिराने, संदीपने, त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आधी स्पेलिंग शिका, मग दुकान काढा. सकाळपर्यंत गाव खदाखदा हसत होतं. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, जागा देतानाच बजावलं होतं की घराचं हसं झालं तर दुकान बंद. आता ते म्हणत होते, शटर ओढा, तिथे संदीप खताचं दुकान टाकेल.

माझं डोकं फिरलं. माझ्या कामाला नावं ठेवली म्हणून फिरलंच, पण त्या पोरीच्या तोंडचा घास जातोय याचं जास्त वाईट वाटलं.

मी पोचले तर मांडवात अण्णा खुर्ची टाकून बसलेले. ऐंशी उलटलेली, पण आवाज खणखणीत. नारळ तसाच ताटात. वैशाली भट्टीपाशी पाठ करून उभी होती.

"शाळेत ओ, जी, एच पण शिकवत्यात, ताई," संदीप म्हणाला. "ती तीन अक्षरं कुठं सांडली?"

मी आधी धंद्याची गोष्ट सांगितली. बोर्डची रुंदी ठरलेली असते, दोन खांबांत बसेल तेवढीच. तिच्यात सात अक्षरं कोंबली की ती बारीक होतात. भरला ट्रॅक्टर जागच्या जागी थांबत नाही, म्हणून बोर्ड लांबून वाचता आला पाहिजे. याला आम्ही रीडिंग डिस्टन्स म्हणतो.

"म्हणून चुकीचं लिव्हायचं व्हय?" संदीप म्हणाला.

चुकीचं नाहीच, मी म्हटलं. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज हा शब्द नाना तऱ्हेने लिहायचे. पुढे अमेरिकेत काही शिकलेल्या लोकांनी मुकी अक्षरं गाळून सोपं स्पेलिंग चालवायचा घाट घातला. त्यांच्या राष्ट्राध्यक्षानेही सरकारी छपाईत ते आणायचा हुकूम काढला, तर लोक त्यालाही हसले. हुकूम मागे घ्यावा लागला. पण हे छोटं थ्रू टिकलं. अर्जात चालत नाही, बोर्डवर चालतं. गाडीतून न उतरता खाण्याची दुकानं निघाली तेव्हा तिथल्या बोर्डांवर तेच जाऊन बसलं.

अण्णा खुर्चीतून पुढे झुकले. "ते जी, एच बोलत न्हाईत, मग लिव्हत्यात कशाला?"

"पूर्वी बोलायचे, अण्णा. घशातून ख काढल्यासारखं. आवाज गेला, अक्षरं राहिली."

अण्णा हसायलाच लागले. "आमच्या टिंबावानी हाय की मग."

संदीपला कळेना. अण्णांनी समजावलं. त्यांच्या लहानपणी 'नाही' लिहिताना 'ही'वर टिंब द्यायचे. उच्चारात काही नाही, पण द्यायचं. "एकदा टिंब इसारलो तर गुरुजींनी हात सुजस्तवर छड्या मारल्या हुत्या. फुडं सरकारनंच टिंबं काढून टाकली. तू देतो का रं टिंब?"

"न्हाई."

"मग आमच्या गुरुजीच्या हिशोबानं तू बी अडाणीच." अण्णा उठले आणि नारळ वैशालीच्या हातात दिला. "फोड, सूनबाई."

नारळ फुटला आणि थोड्याच वेळात पहिला ट्रॅक्टर आत वळला, मागे दोन्ही ट्रॉल्या, टेपवर गाणी. ड्रायव्हरने खिडकीतून वडापाव घेतला आणि न थांबल्यासारखा पलीकडून निघून गेला. वैशाली रडत होती आणि हसत होती. खरं सांगते, मला बोर्डपेक्षा मोठं झाल्यासारखं वाटलं.

पुढे आणखी एका हॉटेलवाल्याने तसाच बोर्ड लावला, पण दुसऱ्या कुणाकडून आणि पुऱ्या सात अक्षरांत. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "आमाला वाटलं थ्रो हाय. वडापाव फेकून देत्यात का काय. वाचस्तवर तर फुडं गेल्तो."

मी एवढंच शिकले की पेपर तपासणारा मास्तर बसून वाचतो, बोर्ड वाचणारा थांबतही नाही. भाचीने मात्र निबंधात चार अक्षरी थ्रू लिहिलं तेव्हा मीच तिचा कान धरला.

सीझन जोरात गेला. बाहेर पडायच्या बाजूला अण्णांनी स्वतःच्या पसंतीचा बोर्ड मागवला, 'विसरूं नका'. रूवर टिंब हवंच म्हणाले. ते मी लाल एलईडीचं बसवलं. संदीपने त्याचाही फोटो ग्रुपवर टाकला. या खेपेला खाली काही लिहिलं नाही.