सुलक्षणाअक्काचा मागचा ब्रेक

भाऊबंदांत जिला 'अभिमनची गाडी' म्हणतात, ती एकाहत्तर सालची फियाट अभिमनने आयुष्यात कधी चालवली नाही. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत असल्यापासून ती त्याची बायको सुलक्षणाअक्काच चालवायची. अभिमन शेजारी बसून पायाखालच्या चटईवर ब्रेक दाबायचा. पण पुरुषाचं नाव असलं की गाडी घरंदाज वाटते. अभिमन गेला, अक्का धुळ्यात देवपूरला राहायला आली, तरी नाव तेच राहिलं.

गाडी बिघडली ती सुधारणेमुळे. जहांगीर मिस्त्रीने पुढच्या चाकांना भंगारातल्या एका गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. डिस्कला दाब जास्त लागतो, म्हणून तेव्हापासून जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम व्हायची आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघायचं. पिंपळनेरला माहेरी जाताना साक्री रोडवर ती गर्रकन फिरली आणि धुळ्याकडे तोंड करून उभी राहिली. बाई माहेरी निघालेली आणि गाडी आपणहून परत फिरलेली, यात भाऊबंदांना दैवी संकेत दिसला.

अक्काचे धाकटे दीर तोतारामभाऊ समजुतीने म्हणाले, "वहिनी, गाडी लॉनवाल्याला देऊन टाकू. नवरानवरी टेकून फोटो काढतील. गाडीचा मान राहील."

"मग मलाच नेऊन उभं करा तिथे," अक्का म्हणाली. "मीपण जुनीच आहे."

शेवटी सगळ्यांनी, म्हणजे तोतारामभाऊंनी, ठरवलं: रविवारी चारचौघांत एकदाच ब्रेक मारायचा. गाडी फिरली तर किल्ली तोतारामभाऊंकडे.

जहांगीरकडे उपाय तयार होता. "अक्का, मागची लाइनच बंद करून टाकतो. पुढचे ब्रेक बस झाले."

"मग मागची चाकंही काढून घे. तुला कामाला येतील."

अक्काने प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मागवला होता. मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू, वर एक फिरकी. पाय कितीही जोरात दाबला तरी मागच्या ब्रेकला किती दाब पोचू द्यायचा, ते ही फिरकी ठरवते. जहांगीरने कुरकुरत बॉनेटखाली मागची लाइन कापली, पाइपाची तोंडं फुलवली, मधे व्हॉल्व्ह बसवला. मग लाइनमधली हवा काढायला तो गाडीखाली शिरला आणि अक्का पेडलवर पाय ठेवून बसली.

"दाबा अक्का. परत दाबा. आता धरून ठेवा, सोडायचं नाही!"

"संसारात दुसरं काय केलं? पुढे बोल."

अवधानच्या एमआयडीसीमागे रिकामा रस्ता आहे. तिथे फिरकी थोडी इकडे, थोडी तिकडे करत दोघांनी ब्रेक असा जमवला की गाडी ओळंब्यासारखी सरळ थांबायला लागली. जहांगीरने व्हॉल्व्हची स्तुती केली, म्हणजे स्वतःची.

रविवारी त्याच रस्त्यावर भाऊबंद जमले. ब्रेक मारून झाला की अक्का तशीच माहेरी निघणार होती. तोतारामभाऊंनी आधी डिकी उघडायला लावली. आत केळीचे दोन घड आणि भावाच्या म्हशींसाठी सरकी ढेपेचं पोतं.

"हे उतरवा. वजन टाकून पास व्हायचं नाही."

ही लबाडी नव्हती. अक्का रिकाम्या डिकीने माहेरी कधी गेलीच नव्हती. ढेपेचं पोतं तिच्या लेखी स्टेपनीसारखं गाडीचाच भाग होतं. त्यामुळे व्हॉल्व्ह जमवतानाही ते आतच राहिलं, आणि ते वजन आहे हे ना तिच्या लक्षात आलं, ना मिस्त्रीच्या. माल उतरला. अक्काने वेग घेतला, ब्रेक मारला, आणि हलकी झालेली मागची बाजू थेट आडवी आली.

 तोतारामभाऊंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

अक्का उतरली ती बॉनेट उघडायला. "ढेप," ती जहांगीरला म्हणाली. त्याने कपाळावर हात मारला. तिने फिरकी मागे घेतली, मागचा दाब आणखी कापला, वळसा घालून आली आणि पहिल्यापेक्षा जास्त वेगात ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. तिने पुन्हा मारला. पुन्हा सरळ.

"एकदाच ठरनं व्हतं, वहिनी," तोतारामभाऊ म्हणाले. रागावले की ते अहिराणीवर येत. "किल्ली द्या."

ठराव शब्दशः पाहिला तर त्यांचं बरोबर होतं. बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्या भाऊबंदांनी, माना डोलावल्या.

"ठरनं ते तुमनं. गाडी मनी शे, माझी," अक्का म्हणाली. "पोतं परत भरा."

पोतं भाऊबंदांपैकी कुणी भरलं नाही. ते जहांगीरने भरलं, घडही ठेवले. अक्का आत बसली. तोतारामभाऊ गाडीच्या समोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तिने गाडी चालू केली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि अगदी घरगुती आवाजात सांगितलं,

"ब्रेक आता चांगला झालाय, भाऊ. पण मारायचा की नाही, ते मी ठरवणार."

तोतारामभाऊ बाजूला झाले. त्यांचा ब्रेकवर विश्वास बसला नव्हता, की वहिनीवर बसला होता, हे त्यांनी अद्याप कुणाला सांगितलेलं नाही.