तीन पांढरे ठिपके

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावाचं, दवाखान्याचं नाव सांगत नाही; माणसं अजून आहेत.

एका दुपारी चावडीसमोर नामांतराचा फलक लावण्यावरून दगडफेक झाली. गोंधळात मोठा बार वाजला आणि पळणारा एक तरुण शेतकरी बाभळीच्या कुंपणात कोसळला. त्याच्या खांद्यावर बारीक भोकं, सदरा रक्तानं भरलेला. “मास्तरनं मला गोळी घातली,” असा त्यानं जबाब दिला. मास्तर म्हणजे बौद्ध वस्तीतले प्राथमिक शिक्षक. फलकासाठी पुढाकार त्यांचाच होता.

सरकारी दवाखान्यात खांद्याचा एक्सरे काढला. फिल्मवर तीन पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरांनी लिहिलं, ‘छर्रे असावेत.’ त्यातला ‘छर्रे’ तेवढा मी वाचला. ‘असावेत’कडे लक्षच दिलं नाही. खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ लावून मोकळा झालो.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्या आला. “साहेब, मास्तर ताडकळसला बहिणीकडं हाय. कट्टा बी त्याच्यापाशीच हाय.” मास्तर खरोखर तिथंच सापडले, म्हणून खबऱ्याची दुसरी गोष्टही मी खरी धरली. कडब्याची गंजी उपसली, कणग्या रिकाम्या केल्या. बंदूक काही मिळाली नाही.

कोर्टानं पोलीस कोठडी दिली. चार दिवस माझा एकच प्रश्न होता, बंदूक कुठं आहे? मास्तरांचं उत्तरही एकच होतं.

“साहेब, बंदूक न्हाईच, तर देऊ कुठून?”

“मग पळालास कशाला?”

“तुमी हेच करचाल म्हणून.”

त्या उत्तरानं माझं डोकं फिरलं. मी फिल्म त्यांच्या तोंडासमोर नाचवली, म्हणालो, माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही. मग पट्टा मागवला. ज्या हातानं ते पोरांना बाराखडी गिरवून द्यायचे, त्याच उजव्या हातावर तो बसला. हुकूम माझा होता. इतरांना दोष देणार नाही.

पाचव्या दिवशी आमचे जमादार बंदोबस्तावरून येताना सायकलवरून पडले. कमरेचा एक्सरे काढून लंगडत ठाण्यात आले आणि फिल्म माझ्या टेबलावर ठेवली.

“साहेब, मला कवा गोळी लागली ओ?”

ठाण्यातले सगळे हसले. मीही हसलो आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. हसू तिथंच आटलं. एक मोठा, दोन लहान, असे तीन ठिपके होते. मुद्देमालातली खांद्याची फिल्म काढून तिच्यावर ठेवली. ठिपक्यावर ठिपका बसला. खांद्यातले छर्रे आमच्या जमादाराच्या कमरेत कसे जातील?

तसाच दवाखान्यात गेलो. फिल्म ठेवायची पत्र्याची चपटी पेटी असते, तिला ते कॅसेट म्हणतात. तंत्रज्ञानं ती उघडून दाखवली. आत पांढरा पडदा होता. क्ष-किरण पडले की तो चमकतो आणि त्या उजेडानं फिल्म काळी होते. उजेड अडला की तेवढी जागा पांढरी राहते. पडद्यावर तीन वाळके कण चिकटलेले होते. मी नखानं एक खरवडला. चुना होता.

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. “अंधाऱ्या खोलीत फिल्म धुईस्तोवर तंबाखू मळत बसतो साहेब. तिथंच कॅसेट भरतो. उडाला असंल. लय चूक झाली.”

फिर्यादीला पुन्हा बोलावलं. खांद्यातले काटे आईनं सुईनं काढले होते, हे त्यानं आता सांगितलं. आधी का नाही सांगितलं? “डॉक्टर छर्रे म्हणायलेत म्हणल्यावर मी काय बोलू?” बार सुतळी बाँबचा निघाला. मी कोर्टात अहवाल दिला आणि मास्तर सुटले.

सुटकेच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन घेतला, पण बोटं मिटेनात. मी त्यांना जीपमध्ये बसवून त्याच दवाखान्यात नेलं. तंत्रज्ञानं माझ्यासमोर पडदा पुसला, मग हाताचा फोटो काढला. फिल्म ओली असतानाच मास्तरांनी ती डाव्या हातानं उजेडात धरली. ठिपका एकही नव्हता. दोन बोटांची हाडं मात्र मोडलेली स्पष्ट दिसत होती.

“ह्यो तरी खरा हाय ना, साहेब?”

मी हो म्हणालो. माफीही मागितली.

पुढं नोकरीभर मी कोणताही पुरावा हातात आला की तो कुठं आणि कुणाच्या हातून तयार झाला, हे आधी जाऊन पाहिलं. हे शहाणपण मला मास्तरांच्या दोन बोटांच्या बदल्यात मिळालं. त्या दिवसांच्या स्टेशन डायरीत सगळं आहे, खबर, झडती, चुना, सुटका. बोटांची नोंद मी केली नव्हती. ती आज इथं करतो आहे.