शेळीच्या पाटीचा कोरा कोपरा

म्हैसूरजवळच्या हिनकलच्या कंपनीत मला नोकरी लागली, त्या संध्याकाळी मी अप्पांपुढे पेढे ठेवले. कंपनीत जुन्या चित्रपटांची रिळं येतात, ती संगणकावर चढवली जातात आणि त्यांच्या नोंदी करायचं काम माझं, असं मी त्यांना सांगितलं. अप्पांनी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला हातातच धरून ठेवला.

"शेळीचं रीळ आलं तर बघशील?" ते म्हणाले.

"कुठली शेळी, अप्पा?"

"आपली गं. चंद्र खायला जाते ती. तिच्या पाटीवर मी रंग मारला होता. त्या रंगाखाली कुणाचं नाव होतं, तेवढं मला सांग."

अप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही, म्हणून हे मागणं माझ्या मनात रुतून बसलं.

आमचे लोक मूळचे रंगारी. म्हैसूरला कधी आले ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. आजोबा लाकडी ठशांनी कापड छापायचे. त्यांचे दोन नियम होते. पहिला, दुसऱ्याच्या छापावर आपला छाप मारायचा नाही. दुसरा, प्रत्येक कापडाचा खालचा डावा कोपरा कोरा सोडायचा. तो कुलदेवीचा. वीतभरसुद्धा नसेल, पण तिथे रंगाचा थेंब पडला तरी आजोबा ते कापड बाजूला ठेवायचे.

ठशांचं काम बंद पडलं आणि अप्पा चित्रपटांच्या सुरुवातीला दिसणाऱ्या नावांच्या पाट्या रंगवायला लागले. आम्ही आईच्या माहेरी, बन्नूरला राहत होतो. अप्पा सकाळच्या बसने म्हैसूरला जायचे. नजरबादमध्ये एका चित्रपट वितरकाची खोली होती, त्याला सगळे यजमान म्हणत. मोठ्या चित्रपटाआधी दाखवायची परदेशी कार्टून तो विकत घ्यायचा. विकत म्हणजे, अमुक जिल्ह्यांत अमुक वर्षं दाखवायचा हक्क. मुदत संपली की तेच रीळ दुसऱ्याकडे जायचं. ज्याच्याकडे हक्क, त्याचं नाव सुरुवातीला दिसलं पाहिजे. मग आधीच्याची पाटी कात्रीने कापायची आणि आपली जोडायची. एकेका कार्टूनने अशी तीन-तीन, चार-चार नावं अंगावर घेतली आणि टाकली. हे कार्टून मुळात कोणी काढलं, हे मधल्या मध्येच कुठेतरी कापलं जायचं.

यजमान काटकसरी माणूस. नवी पाटी कोऱ्या कागदावर काढण्याऐवजी तो जुन्या पाटीचा मोठा फोटो काढून आणायचा. अप्पांनी त्या फोटोवरच रंग लावायचा, जुनी अक्षरं झाकायची आणि वर नवी लिहायची. मग बेंगळूरुला त्याचं चित्रीकरण होऊन तो तुकडा रिळाला जोडला जायचा. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. झाकायची अक्षरं ते वाचू शकत नव्हते आणि लिहायची इंग्रजी अक्षरं नक्षीसारखी उतरवायचे, वेलबुट्टी उतरवावी तशी.

मी सात-आठ वर्षांची असताना बन्नूरच्या सिनेमाच्या तंबूत ती शेळी आली. तंबूच्या मागे ऊस होता. पडद्याच्या कडेने उसाच्या पात्यांची सळसळ आत यायची आणि मला वाटायचं, आवाज चित्रातूनच येतोय. आधी पाटी झळकली. निळं आकाश, पिवळा चंद्र, खाली गवत, मध्ये यजमानांचं नाव आणि कन्नडात 'चंद्र खाणारी शेळी' अशा अर्थाची अक्षरं. "हे माझ्या अप्पांनी काढलं!" मी ओरडले. पुढच्या बाकावरची बाई मागे वळली आणि म्हणाली, "सगळंच का गं? चंद्रपण?" तंबू हसला. मीही हसले. अप्पा हसले नाहीत.

मग ती शेळी डोंगर चढायला लागली. चंद्र म्हणजे गवताची पेंढी आहे, असं तिला वाटत होतं. ती एकेक ढग चावून बघायची आणि पुढे जायची. कोणी बोलत नव्हतं, फक्त एक सनई की क्लॅरिनेट वाजत होतं. शेवटी ती चंद्राजवळ पोहोचते, त्याला हुंगते, आणि न खाता त्याच्या खोबणीत अंग मुडपून झोपते. बस्स, एवढंच. पण पुढे कित्येक वर्षं मला स्वप्नात बन्नूरची बस ढगांतून जाताना दिसायची. खिडकीत अप्पा असायचे, त्यांच्या बोटांना निळा रंग असायचा, आणि बसच्या टपावर ती शेळी शांत बसलेली असायची.

घरी परतताना अप्पा एवढंच म्हणाले होते, "त्या शेळीचे पाय बघितलेस? किती हलके. ज्यानं काढले त्याचं नाव मी पुसलं."

त्या वयात मला हे कळलं नाही. आजोबांचा पहिला नियम अप्पांनी मोडला होता, आणि मोडतच राहिले, कारण त्या पाट्यांवर आमचं घर चालत होतं. मी बन्नूरच्या कन्नड शाळेत शिकले. तिथल्या एका बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून इंग्रजी वाचायला शिकवलं. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. म्हैसूरच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा अर्जावर 'वडिलांचं शिक्षण' या रकान्यात काय लिहायचं, म्हणून मी अडले होते. अप्पा म्हणाले, "लिही, चौथी. आणि तुझ्या रकान्यात जागा जास्त सोड." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ती पदवी निळ्या-पिवळ्या रंगांतून आली आहे, हे मी विसरू शकत नाही. पण त्या रंगाखाली कोणाचं तरी नाव आहे, हे अप्पा विसरू शकले नव्हते.

नोकरीला चार वर्षं झाली. दर महिन्याला अप्पा एकदा विचारायचे, "शेळी?" मी मान हलवायचे. "आयितु," ते म्हणायचे. बरं, असू दे.

मागच्या पावसाळ्यानंतर एका बंद पडलेल्या थिएटरातून काही डबे आले. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी सांगलीची आहे, हुशार आणि तोंडाची फटकळ. तिला माझ्या मराठीची फार गंमत वाटते. त्या दुपारी ती पडद्यावर एक रीळ तपासत होती.

"ताई, ही पाटी बघा. रंगवणाऱ्याने घाई केलीय. सगळं मस्त, आणि खालचा कोपरा राहूनच गेलाय."

मी खुर्चीवरून उठले. निळं आकाश, पिवळा चंद्र. खालच्या डाव्या कोपऱ्यात अप्पांचा रंग एका सरळ रेषेत थांबला होता. त्यापुढे खालच्या फोटोतलं करडं, जुनं गवत तसंच उघडं होतं.

"राहून नाही गेला," मी म्हटलं. "सोडलाय. तो देवीचा."

"कुठली देवी?"

"आमची. हा माझ्या अप्पांचा हात आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "अय्यो," ती म्हणाली. हा शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती, आणि एरवी मला चिडवायलाच वापरायची. त्या दिवशी तिने चिडवलं नाही.

मी अप्पांचं मागणं तिला सांगितलं. तिने रंगाखालचं काही दिसतं का, म्हणून बरंच करून पाहिलं. प्रकाश कमी केला, जास्त केला. मधली अक्षरं वर आली नाहीत. अप्पांनी काम चोख केलं होतं. "आणि ताई, चित्र मूळचंच असलं तरी मध्ये मोठ्या अक्षरांत बहुतेक आधीच्या वितरकाचंच नाव असणार," ती म्हणाली. "चित्रकाराला एवढी जागा कोण देतंय?"

मला वाटलं, आता घरी जाऊन हेच सांगायचं. मग ती एकाएकी पुढे वाकली. "ताई, हे गवत असं का वळलंय?"

तिने कोपरा मोठा केला. गवताची पाती उजवीकडे झुकलेली होती, पण बुडाशी सात-आठ पाती उलटी वळून एकमेकांत अडकली होती. आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो. मग ती पाती माझ्यासाठी अक्षरं झाली, शाळेतल्या बाईंनी शिकवलेली तिरकी इंग्रजी अक्षरं. कोणीतरी आपली सही गवतात लपवली होती. दुसऱ्या रिळांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा एका अखंड रिळाच्या श्रेयनामात तेच नाव सापडलं, चित्रकार म्हणूनच. चुकीला जागा राहिली नाही.

या कार्टूनचे हक्क सध्या ज्या कंपनीकडे आहेत, तिची सूचना स्पष्ट होती : जुन्या सगळ्या पाट्या काढा, आमची एक लावा. मी पत्र लिहिलं, ही पाटी का ठेवावी ते सांगितलं. उत्तर सभ्य होतं. पाटी संग्रहात वेगळी ठेवा, दाखवण्याच्या प्रतीत नको. त्यामुळे दाखवण्याच्या प्रतीतून अप्पांची पाटी मीच काढली. बोटाने एक कळ दाबली, झालं. यजमानांच्या कात्रीचा निदान आवाज तरी यायचा. माझ्या हाती एकच गोष्ट होती. नोंदीत 'चित्रकार' या रकान्यात 'अज्ञात' लिहिलेलं होतं. ते खोडून मी तिथे ते नाव लिहिलं, आणि शेऱ्यात लिहिलं, 'पाटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सही.'

रविवारी सकाळी पाटीची एक मोठी छापील प्रत घेऊन मी अप्पांजवळ बसले. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि लांब नेली, जवळ आणली.

"चंद्र जरा जास्तच पिवळा झाला, अल्वा? नाही का?"

"शेळीला पेंढी वाटायला पाहिजे की, अप्पा."

ते हसले. मग हसू मावळलं. "नाव दिसलं?"

"मधलं नाही दिसलं. तुम्ही पक्कं झाकलंय. ते बहुतेक आधीच्या मालकाचं होतं."

"आणि काढणाऱ्याचं?"

मी त्यांचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. "इथं आहे. पहिल्यापासून इथंच होतं."

"हे गवत आहे."

"नाव आहे, अप्पा. गवतासारखं लिहिलंय."

ते कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले, एकेका पात्याच्या वळणाने. "यजमान मला ओरडला होता," ते म्हणाले. "कोपरा का सोडलास, ब्रश पोहोचत नाही का तुझा? मी म्हटलं, पोहोचतो, पण तिथं नाही मारणार. गवतच आहे, सुम्मने, उगी राहू दे." बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "मला वाटलं, देवीपुरतंच सोडतोय."

मी त्यांच्या हातातली प्रत उजेडाकडे वळवली.

"आता वाच," ते म्हणाले. "सावकाश वाच."

मी वाचलं. ते त्यांनी माझ्या मागोमाग म्हटलं, शेवटी कन्नडाचा उकार लावून, आमच्या शेजारच्या कुणाला हाक मारावी तसं. मग म्हणाले, "परत." मी परत वाचलं.